आधी अंधार बघू या

"थांबा. आदी अंधार बघू या, मग दिव्याचं बोलू."

एवढं बोलून ते डाव्या मनगटावरच्या घड्याळात बघायचे आणि उजव्या हातानं मेन स्विच खाली ओढायचे. भर दुपारी, शटर लावलेल्या एखाद्या अवाढव्य शेडमध्ये क्षणात काळोख व्हायचा. मालक, मॅनेजर, ठेकेदार, मी, सगळे जिथल्या तिथं. मग काळोखातून त्यांचा शांत आवाज यायचा, "घाबरू नका. मी हितंच हाय."

मी सांगलीत विजेच्या कामांचे आराखडे करून देते. मंगल कार्यालयं, गोदामं, कारखान्यांच्या शेडी, थोडक्यात ज्या इमारतीचं छत बघायला टोपी सांभाळत मान वर करावी लागते, तसल्या इमारती. त्यात एक काम आणीबाणीच्या दिव्यांचं असतं. वीज गेली की आपोआप लागणारे आणि माणसांना दारापर्यंत पोचवणारे हे दिवे. त्यांना वीज कुठून द्यायची, हे ठरवावं लागतं. प्रत्येक दिव्याच्या पोटात त्याची त्याची बॅटरी ठेवायची, की खाली एका खोलीत सगळ्यांची मिळून मोठी बॅटरी मांडायची, की जनरेटर आहेच म्हणून देवावर हवाला ठेवायचा? ऐकायला रुक्ष वाटतं ना? मलाही वाटायचं. मग ते आमच्याकडे सुपरवायझर म्हणून आले.

माण तालुक्यातले, दहिवडीच्या पलीकडच्या गावचे. फौजेत इलेक्ट्रिशियन म्हणून उभं आयुष्य काढलेलं. सगळे त्यांना मेजर म्हणत आणि ते प्रत्येक वेळी दुरुस्त करत, "हवालदार. मेजर लय वरचा मानूस असतो." कुणी ऐकायचं नाही. आपल्याकडे फौजेतून परत आलेला माणूस फौजी तरी असतो, नाहीतर मेजर. मधल्या पायऱ्या आपल्याला ठाऊक नसतात. मीही शेवटपर्यंत त्यांना मेजरच म्हटलं.

अंगानं काटकुळे, शर्टाला कडक इस्त्री, आणि कमरेच्या पट्ट्याला कायम एक जुनी लोखंडी टॉर्च. मे महिन्याच्या भर दुपारीसुद्धा. वायरमन पोरं चिडवायची, "मेजर, सूर्य दिसंना व्हय?" ते तितक्याच गंभीरपणे सांगायचे, "त्याला बी मावळायची ड्युटी हाय, गड्या."

अंधार बघायची त्यांची पद्धत मी पहिल्यांदा पाहिली ती रहिमतपूरकडच्या एका मंगल कार्यालयात. मालकांनी नवं झुंबर आणलेलं होतं आणि आणीबाणीचे दिवेही झुंबराभोवतीच हवेत, असा त्यांचा हट्ट. फोटोत छान दिसतात म्हणे. मेजरांनी वाद घातला नाही. पडदे ओढले, दारं लावली, स्विच खाली केला आणि म्हणाले, "मालक, हॉल तुमचाच. आता दारातनं भाईर जावा." मालक तोऱ्यात निघाले. थोड्या वेळानं आतल्या बाजूला भांड्यांचा खणखणाट झाला. ते थेट भटारखान्यात शिरले होते आणि आचाऱ्याचा उलथण्यांचा ढीग त्यांच्या अंगावर आला होता. दिवे लागल्यावर मेजरांनी त्यांच्या सदऱ्यावरचं पीठ झटकलं आणि विचारलं, "आता सांगा. दिवा झुंबराला पायजे का दाराला?" दिवे दारांवर लागले. झुंबरही राहिलं.

आता मुख्य गोष्ट सांगते. सांगलीजवळच्या एका हळदीच्या शेडची. मालकांना सगळे आबा म्हणत. चाळीस फूट उंच पत्र्याची शेड, आत पोत्यांच्या दोन-दोन पुरुष उंच थप्प्या, थप्प्यांमधून बोळ, आणि पार मागच्या टोकाला हळद निवडणाऱ्या एकेचाळीस बायका. दारं दोन, पण बायकांपासून दोन्ही लांब. माझं हे पहिलं स्वतंत्र मोठं काम. मी झकास आराखडा केला होता. प्रत्येक दिव्याच्या पोटात बॅटरी, आणि दिवे ओळीनं छताला. वायरिंग कमी, काम झटपट, कागदावर नुसती रांगोळी.

मेजरांनी कागद बराच वेळ पाहिला. "चितार झ्याक हाय, म्याडम," एवढंच म्हणाले. तेव्हाच मला कळलं की काहीतरी बिनसलंय.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, बायका बाहेर झाडाखाली बसल्या असताना, त्यांनी शटरं ओढून घेतली. मला मागच्या टोकाला उभं केलं आणि स्विच खाली केला. म्हणाले, "टॉर्चचा उजेड वर छताला मारतो. तुमचा दिवा तितं हाय असं समजा. या भाईर."

मी निघाले. वर पत्र्यावर उजेडाचा एक ठिपका दिसत होता आणि थप्प्यांचे माथे दिसत होते. मला माथ्यांवरून चालायचं नव्हतं. खाली बोळात माझे स्वतःचे हात मला दिसेनात. उजवीकडे वळले तर पोती, डावीकडे वळले तर पोती. नाकातोंडात हळद गेली. किती वेळ गेला ते घड्याळच जाणे, पण मी घाबरले होते आणि कुणाला हाक मारायचीही लाज वाटत होती. शेवटी तोच आवाज आला, "मी हितंच हाय. आवाजाच्या रोखानं या." बाहेर आले तेव्हा मी डोक्यापासून पायापर्यंत पिवळी झाले होते. हळदीला नवरीच बसलीय म्हणून झाडाखालच्या बायका पोट धरून हसल्या.

मेजरांचं बोलणं अजून संपलेलं नव्हतंच. "एप्रिलात त्या पत्र्याखाली काय तापत आसंल? ब्याटरीला सावली लागती, म्याडम. एका उन्हाळ्यात फुगून बसंल. आन् ती बदलाया थप्पीवर शिडी लावून कोन चढनार? तुमी?"

दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. राग त्यांचा नव्हता, त्यांचं बरोबर होतं याचा होता. तिसऱ्या दिवशी नवा कागद घेतला. उत्तरेच्या थंड खोलीत सगळ्यांची एक मोठी बॅटरी आणि तिचं पॅनेल. दिवे हाताला येतील इतक्या उंचीवर, प्रत्येक बोळाच्या तोंडाशी, खांबांवर आणि दोन्ही दारांवर. दोन भिंतींवरून दोन वेगळ्या वायरी नेण्याची सूचना त्यांची. "येक तुटली तरी दुसरी वाट दिसाया पायजे." लहानशा दुकानाला पोटात बॅटरीवालाच दिवा बरा, हे तेच सांगायचे. पण इथं छत उंच, पत्रा तापणारा आणि माणसं पुष्कळ होती.

अडचण एकच आली. उत्तरेची ती थंड खोली आबांच्या दुपारच्या झोपेची होती. आत खाट, तक्क्या, माठ. आबा काही केल्या खोली सोडेनात. मेजर म्हणाले, "आबा, तुमाला घरी बी झोपता येतंय. ब्याटऱ्यास्नी घर न्हाई." आबा हसले आणि खाट बाहेर निघाली. पुढे आबा जाता-येता त्या खोलीकडे माहेराकडे बघावं तसं बघायचे.

दिवे बसवून काम संपत नाही, महिन्याला एकदा ते तपासावे लागतात. मी एक छापील तक्ता करून दिला, महिन्याचा पहिला सोमवार. तो तक्ता भिंतीवरच पिवळा झाला. मेजरांनी तपासणी अमावास्येला नेली. त्या दिवशी शेडच्या दारावरचं लिंबू-मिरची न विसरता बदललं जायचं. "लिंबू बदलला की स्विच वडायचा," एवढाच नियम. त्यानंतर एकही तपासणी चुकली नाही. लिंबानं वाईट नजर अडवली की नाही मला ठाऊक नाही, पण दिवे मात्र चालू ठेवले.

बायकांची मुकादम शालनमावशी. ठसठशीत कुंकू, खणखणीत आवाज, आणि मेजरांना न घाबरणारी शेडमधली एकमेव व्यक्ती. स्विच पडला, दिवे लागले, की ती बायकांना ओळीनं बाहेर आणायची. एवढ्यावर भागलं असतं. पण मेजर अधूनमधून आणीबाणीचे दिवेसुद्धा बंद करायला लागले. डावा हात पोत्यांवर, उजवा हात पुढचीच्या खांद्यावर, आणि चाला. शालनमावशी कावायची. "आवं, आमी काय आंधळी कोशिंबीर खेळाया येतो व्हय हितं?"

"दिव्यावर बी आंधळा भरवसा ठिवायचा न्हाई, शालनबाई."

"मंग बसवलं कशाला एवढं?"

मेजर मिशीत हसायचे. 

त्या वर्षी खंडेनवमीला मी शेडमध्ये होते. तुम्ही आपल्या भागातल्या कारखान्यात ही पूजा पाहिली असेलच. यंत्रं धुऊन पुसून ठेवतात, हळद-कुंकू, झेंडूच्या माळा, आणि त्या दिवशी हत्याराला हात लावत नाहीत. हत्यारं निजवतात. फौजीसाठी तर हा सगळ्यात मोठा सण. मेजरांनी पहाटे अंघोळ करून पक्कड, टेस्टर, स्क्रू-ड्रायव्हर लाल कापडावर मांडले. पॉलिशचं पिंप, चाळण, वजनकाटा, सगळं बंद करून पूजलं. मग उत्तरेच्या खोलीत गेले. तिथंही पॅनेलला माळ घातली, हात जोडले, त्याचाही स्विच खाली केला. खोलीला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि दसऱ्याला गावी गेले. कुलूप लागण्याआधी मी पेढा खात माळ घातलेल्या पॅनेलचा मोबाइलवर फोटो काढला होता. छान दिसत होतं.

दसऱ्याला पोरांनी बाकीची यंत्रं सुरू केली. खोलीची किल्ली दहिवडीकडे होती आणि खोलीची आठवण कुणालाच नव्हती.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी आबांच्या केबिनमध्ये होते. आभाळ भरून आलं आणि परतीचा पाऊस तडातड कोसळला. माल भिजू नये म्हणून शटरं ओढून घेतली होती. फाटकाशी एसटीतून उतरलेले मेजर दिसले, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात बायकांना वाटायची आपट्याची पानं. तेवढ्यात बाहेरच्या खांबावर मोठा आवाज झाला आणि सगळी वीज गेली. शेडमधून कुणीतरी किंचाळलं, "आग!"

मी केबिनच्या काचेतून शेडकडे पाहिलं. दारावरचा दिवा लागला नव्हता. शटरखालच्या फटीतूनही उजेड येत नव्हता; एकही दिवा लागला नव्हता.

मेजर फाटकात थांबले ते क्षणभरच. त्यांचा चेहरा मला दिसला. तसा चेहरा मी पुन्हा कुणाचा बघू नये. मग पानं चिखलात पडली आणि साठी ओलांडलेला तो माणूस उत्तरेच्या खोलीकडे धावत सुटला. मी दाराकडे धावले. शटर वर ढकललं तेव्हा आत नुसता काळोख होता आणि काळोखात चाळीस बायकांचा कलकलाट. अशा वेळी काय होतं, आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं. एक पडते, तिच्यावर दुसरी पडते, आणि आगीची गरजच उरत नाही.

आणि त्या कलकलाटावर शालनमावशीचा आवाज चढला. "आग न्हाई न् बिग न्हाई! कुनी पळायचं न्हाई! डावा हात पोत्यावर! आज आमुशा हाय आसं समजा आन् चला!"

कलकलाट थांबला. मग पावलं ऐकू यायला लागली. चालण्याची पावलं, धावण्याची नव्हेत. थोड्या वेळानं काळोखातून पहिला पदर दिसला, मग त्या खांद्यावरचा हात, मग दुसरा पदर. बायका एकामागोमाग एक पावसात बाहेर येत होत्या आणि मी मोजत होते. चाळीसला मी थांबले. शेवटी शालनमावशी आली. सगळ्यांत पुढं नाही, सगळ्यांत मागं. "एकेचाळीस," ती म्हणाली. "समद्या हाईत."

तेव्हा आमच्या पाठीमागं शेडमधले दिवे लागले. एकेका बोळाच्या तोंडाशी, दोन्ही दारांवर, सगळे. आत कुणीच नव्हतं.

मेजर खोलीतून आले. कुलुपाशी झगडताना बोटं सोलवटली होती. शालनमावशीसमोर येऊन ते सावधान उभे राहिले, साहेबापुढं उभं राहावं तसे, भर पावसात. "चूक माजी हाय. पूजेला म्या निजवलं त्याला. माज्या हातानं."

 बायकांतल्या दोघी रडत होत्या. शालनमावशीनं चेहऱ्यावरचं पाणी पदरानं पुसलं.

"हत्यार निजवत्यात, मेजर," ती म्हणाली. "घटाला नऊ दिस दिवा लावतो आमी. राती उठून उठून तेल घालतो. त्यो कुनी निजवतं व्हय?"

 खाली चिखलात पडलेली आपट्याची पानं तिनं उचलली, पाण्यानं धुतली आणि त्यांच्या हातात दिली. "वाटा आता. सोनं हाय."

दुसऱ्या दिवशी ते माझ्या ऑफिसात आले ते राजीनामा घेऊन. चार ओळींचा, फौजी रिपोर्टसारखा. ड्युटीत कसूर, म्हणून काम सोडतो. मी वाचला आणि मोबाइल काढून त्यांना खंडेनवमीचा फोटो दाखवला. झेंडूची माळ, हळद-कुंकू, आणि माळेच्या वर पॅनेलचा हिरवा दिवा विझलेला. मी तिथं उभी होते. दिवा माझ्या डोळ्यांसमोर विझलेला होता आणि मी पेढा खात फोटो काढत होते. रात्रभर मला तेवढंच दिसत होतं. हे सगळं मी त्यांना सांगितलं आणि सांगता सांगता मला रडू आलं.

त्यांनी फोटो लांब धरून, जवळ धरून पाहिला. मग राजीनाम्याची घडी करून खिशात घातली. "मंग दोन लिवावं लागतील," म्हणाले, "आन् सांगलीत दिवं बघाया कुनी ऱ्हानार न्हाई."

त्या आठवड्यात त्यांनी लाल रंगाचा डबा आणला आणि पॅनेलवर स्वतःच्या हातानं लिहिलं: हा दिवा आहे. निजवू नये. अक्षर वाकडं आलं म्हणून पुसून पुन्हा काढलं. पुढच्या खंडेनवमीपासून पॅनेलची पूजा शालनमावशी करायला लागली, चालू पॅनेलची. मेजर दारात हात जोडून उभे राहायचे. आबांनी एकदा विचारलं, पूजेचा मान बाईकडं कसा गेला? मेजर म्हणाले, "तिला दिवा कळतो, आबा. मला नुस्तं हत्यार कळतंय."

त्यानंतर आम्ही बरीच कामं केली. कडेगावकडं एक मोठं गोदाम, साताऱ्यात एक खेळाचा हॉल, आणखी चार मंगल कार्यालयं. प्रत्येक ठिकाणी घड्याळ, स्विच, काळोख आणि तो आवाज. ते दिवस चांगले होते. तेव्हा ते चांगले आहेत हे कळत होतं, हे माझं नशीब.

मग गुडघे दुखायला लागले आणि ते गावी गेले, मेंढरांत आणि नातवंडांत. फोनवर पहिला प्रश्न ठरलेला, "आमुशाला स्विच वडला का?" गेल्या श्रावणात दुपारचं जेवून पडवीत आडवे झाले ते उठलेच नाहीत. माझ्या आयुष्यातला एक भक्कम माणूस गेला. दुसऱ्या कुठल्या शब्दांत सांगता येत नाही.

या खंडेनवमीला मी हळदीच्या शेडमध्ये गेले. सगळी यंत्रं बंद, धुतलेली, माळा घातलेली. पक्कड, टेस्टर, स्क्रू-ड्रायव्हर लाल कापडावर. उत्तरेच्या खोलीत पॅनेलचा हिरवा दिवा चालू होता आणि शालनमावशी त्याला हळद-कुंकू लावत होती. मग तिनं पिशवीतून काहीतरी काढलं. लोखंडी टॉर्च. मेजरांच्या मुलानं गावाहून पाठवली होती. वडिलांनीच सांगून ठेवलं होतं म्हणे, शालनबाईला द्या.

तिनं आधी बटण दाबून पाहिलं. भिंतीवर उजेडाचा गोल पडला. चालते, अशी मान हलवून तिनं बटण बंद केलं, टॉर्च पदरानं पुसली आणि लाल कापडावर बाकीच्या हत्यारांशेजारी आडवी ठेवली.

"निजा आता, मेजर," ती म्हणाली. "आमी हितंच हाय."